ब्लॅक मेटलमधील मृत्युचिंतनाकडे दुर्लक्ष नको

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नॉर्वेतील ब्लॅक मेटल या संगीतावर (कर्कश, अतिजलद आणि सैतानाच्या प्रतिमा वापरणाऱ्या रॉक संगीताच्या प्रकारावर) आलेला लेख वाचला. जाळलेली चर्च, खून आणि चेहऱ्यावर फासलेला पांढरा-काळा रंग यांच्यापुढे तो गेला नाही, याचे वाईट वाटले. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवले आणि गेली अनेक वर्षे हे संगीत मनापासून ऐकत आलो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखातल्या गुन्ह्यांविषयी दुमत नाही. बर्गनजवळील फान्टोफ्टचे मध्ययुगीन लाकडी चर्च ६ जून १९९२ रोजी जाळण्यात आले. पुढच्या वर्षी, १० ऑगस्टला, ‘मेहेम’ या बँडचा गिटारवादक ऑयस्टाइन आर्सेथ याचा खून झाला आणि त्याबद्दल त्याच वर्तुळातील संगीतकार व्हार्ग विकर्नेसला २१ वर्षांची शिक्षा झाली. या कृत्यांना कोणत्याही विचाराचा आधार देता येत नाही आणि मला तो द्यायचाही नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, हे सारे सांगून झाल्यावर लेखकाने ते संगीत ऐकलेच नाही.

‘डार्कथ्रोन’ या नॉर्वेच्याच बँडचा १९९४ मधील ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ हा अल्बम घ्या. बँडमधल्या फेनरिझने यातली सारी वाद्ये एकट्याने वाजवली आणि साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर घरीच ध्वनिमुद्रित केली. गिटारचा स्वर करकरीत आणि पातळ आहे, तेच ते सूर अतिशय जलद पुन्हापुन्हा छेडले जातात, आणि ड्रमचा ठेका आरंभापासून शेवटपर्यंत जवळजवळ हलतच नाही. पहिली दोन मिनिटे हा निव्वळ गोंगाट वाटतो. त्यानंतर मात्र कान त्या गतीला सरावतात, गती जाणवेनाशी होते आणि बर्फाने झाकलेल्या माळावर एकटेच उभे असल्यासारखी विलक्षण स्थिरता उरते. त्यात मधूनच एक किंचाळणारा आवाज उमटतो, ज्याचे शब्द कळत नाहीत. वादळात दूरवर कोणी हाका मारत असावे आणि वाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसावे, तसा. गाणे कुठे चढत नाही, कुठे विसावत नाही आणि ऐकणाऱ्याला दिलासाही देत नाही. माणसाविषयी उदासीन असलेल्या विश्वात आपण असतो म्हणजे काय, हा प्रश्न मी वर्गात शब्दांनी मांडत असे. तो अनुभव म्हणून अंगावर आला तो इथे.

याची उकल करायला सैतानापेक्षा नॉर्वेचाच एक तत्त्वज्ञ अधिक उपयोगी पडतो. पेटर वेसेल झाप्फे (१८९९–१९९०) याने १९३३ मध्ये ‘शेवटचा मसीहा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहिला. शिंगांच्या अवजड भाराने नामशेष झाले असे मानल्या गेलेल्या एका प्राचीन हरणाचे उदाहरण देऊन तो म्हणतो की, माणसाची जाणीवही तशीच गरजेपेक्षा जास्त वाढलेली आहे. आपण मरणार हे तिला ठाऊक असते आणि आपल्या जगण्याचा अर्थ तिला हवा असतो, पण तो मिळत नाही. म्हणून माणूस नकोसे विचार दूर सारतो, देव-देश-कुटुंबाला घट्ट धरतो, मन रमवत राहतो, आणि थोडेजण त्या वेदनेची कला करतात. या संगीतकारांनी झाप्फे वाचला होता, असा माझा दावा नाही. परंतु मन रमवण्याचे काम निक्षून नाकारणारे आणि तरीही वेदनेची कलाच करणारे हे संगीत त्याच्या चौथ्या मार्गावर चपखल बसते, असे मला वाटते.

सैतानाचे नाव घेणाऱ्यांतही फरक आहे. फ्रान्सच्या ‘डेथस्पेल ओमेगा’ या बँडने २००४ ते २०१० या काळातील तीन अल्बममधून देव, पाप आणि पतन यांचा जो विचार मांडला, तो ख्रिस्ती धर्मशास्त्राशी थेट वाद घालतो, त्यातल्या २००७ च्या अल्बमवर जॉर्ज बाताय या फ्रेंच विचारवंताची छाया स्पष्ट दिसते.

या संगीताचे दोष मी झाकू इच्छित नाही. मी वर ज्याची स्तुती केली, त्याच अल्बमच्या मागच्या बाजूला वंशवादाचा दर्प असलेली ओळ होती आणि तिच्यावरून उठलेला गदारोळ रास्त होता. त्याहूनही मला सलते ते ‘मेहेम’च्या ‘डेड’ हे नाव घेतलेल्या गायकाचे. कोवळ्या वयाच्या त्या मुलाने १९९१ मध्ये आत्महत्या केली आणि ती आजही काही चाहते शौर्यासारखी मिरवतात. तो आजारी आणि एकाकी होता, त्याला माणसांची गरज होती. मृत्यूचे चिंतन आणि मृत्यूची ओढ या दोन गोष्टी एक मानणे हा त्या चिंतनावरच अन्याय आहे. इतका निराशावादी झाप्फे स्वतः नव्वद वर्षे जगला आणि आयुष्यभर डोंगर चढत राहिला.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहून घेणार असाल, तर लेखकाला निदान एक अल्बम शांतपणे, अंधारात बसून, पूर्ण ऐकण्याची विनंती करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा