कळव्यात ध्वनी किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा नातू दुसरीत आहे. त्याच्या सरावपुस्तिकेत परवा ‘कळवा या शब्दात किती ध्वनी आहेत?’ असा प्रश्न होता. त्याने शब्द दोनतीनदा मोठ्याने म्हणून ‘पाच’ असे उत्तर लिहिले आणि त्यावर तांबडी फुली पडली, कारण पुस्तिकेच्या शेवटी छापलेले उत्तर ‘तीन’ होते. ठाण्यात बरीच वर्षे मराठी शिकवलेले असल्यामुळे मला ती फुली जरा जास्तच बोचली.

पुस्तिकेने अक्षरे मोजली आणि त्यांना ध्वनी म्हटले. ‘कळवा’ लिहिताना तीन अक्षरे लागतात हे खरे. व्याकरणाच्या रीतीने वर्ण सोडवले तर क्, अ, ळ्, अ, व्, आ असे सहा वर्ण होतात. पण बोलताना आपण ‘ळ’मधला ‘अ’ गिळून ‘कळ्‌वा’ म्हणतो, म्हणून कानावर पाचच ध्वनी पडतात. उच्चाराचे तुकडे पाडायचे तर ते दोनच, ‘कळ’ आणि ‘वा’. भाषाविज्ञानात अशा तुकड्यालाही अक्षर म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो, कारण लिपीतले चिन्ह, उच्चारातला तुकडा आणि हाताचे वळण अशा तिन्ही गोष्टींना आपल्याकडे अक्षर हा एकच शब्द आहे. (मोठा अभंग या छंदाच्या चार चरणांची 6, 6, 6, 4 अशी अक्षरे मोजताना तर बोलण्यात गिळलेला ‘अ’सुद्धा हिशेबात धरावा लागतो.)

‘मराठी जशी लिहितात तशीच वाचतात’ हे वाक्य आम्ही शिक्षकांनीच पिढ्यानपिढ्या मुलांना सांगितले आहे, त्याचाही हा परिणाम असावा. ‘ठाण्याचा तलाव’ आणि ‘ठाण्याची खाडी’ असे एकापाठोपाठ म्हणून पाहावे. ‘चा’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ‘ची’ म्हणताना ती टाळूकडे सरकते; पहिला उच्चार दंततालव्य, दुसरा तालव्य. इथे हा फरक पुढच्या ‘ई’मुळे पडतो. पण ‘चार माणसे’ आणि ‘गुरांना चार’ यांतल्या ‘चार’चा अर्थ मात्र उच्चारानेच बदलतो, आणि ज्या ध्वनिभेदाने अर्थ बदलतो तो भेद भाषेत स्वनिमाचा ठरतो. राज्य शासनाने 2009 साली प्रमाण वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना जागा दिली. अस्सल घरच्या दंततालव्य च, ज, झ यांना मात्र अजून वेगळे चिन्ह नाही. चिन्ह हवेच असा माझा आग्रह नाही, पण ते नसले तरी ध्वनी आहे हे मुलाला सांगायला नको का? अनुस्वाराचे याच्या उलट आहे. ‘अंक’, ‘घंटा’ आणि ‘पंप’ यांत एकाच टिंबाचे तीन उच्चार होतात, आणि आपण घरात ‘ठाणं’ म्हणतो तेव्हा त्या टिंबाला नाकातला उच्चार मुळीच नसतो.

स्वनिमाची ही कसोटी शिक्षकांना ठाऊक असती तर आमच्या ऐरोली-घणसोलीकडच्या आगरी घरांतल्या मुलांवरही एवढा राग निघाला नसता. प्रमाण मराठीत ‘मन’ आणि ‘मण’ वेगळे, म्हणून तिथे न आणि ण हे दोन स्वनिम. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाच्या घरच्या बोलीत हा भेद पाळला जात नाही. त्याची जीभ जड नसते आणि तो आळशीही नसतो. त्याला प्रमाण उच्चार जरूर शिकवावा, पण तो दुसऱ्या बोलीतला उच्चार म्हणून शिकवावा, चुकीची दुरुस्ती म्हणून नव्हे.

नवी मुंबईत हल्ली गल्लोगल्ली इंग्रजी फोनिक्सचे वर्ग निघाले आहेत. इंग्रजीत अक्षरे 26 असली तरी ध्वनी त्याहून कितीतरी अधिक आहेत, हे तिथे पाच वर्षांच्या मुलालाही पैसे घेऊन शिकवतात. तेच मूल मराठीच्या तासाला अक्षर आणि ध्वनी एकच समजते.

सरावपुस्तिका काढणाऱ्यांनी निदान अक्षर, वर्ण आणि ध्वनी हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. आपल्या दैनिकातील मुलांच्या पानाच्या संपादकांनाही विनंती आहे, की कोड्यात ‘तीन अक्षरी गाव ओळखा’ असे खुशाल छापावे, पण ‘तीन ध्वनींचे’ असे लिहिण्याआधी तो शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहावा.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
ऐरोली, नवी मुंबई