मंगळावर पाणी नंतर विचारा, आधी हवेचा दाब विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सूर्यमालेत माणूस कुठंकुठं राहू शकतो यावर लेख आला होता. मंगळ पहिला, मग गुरूचा चंद्र युरोपा, मग शनीचा चंद्र टायटन, शेवटी शुक्र, असे नंबर लावलेत आणि नंबर लावायचा हिशोब एकच, पाणी किती. आमच्या घरी सगळ्यांना पटला लेख, पटणारच म्हणा, मराठवाड्यातल्या माणसाला अमुक ठिकाणी बारमाही पाणी आहे म्हणून सांगा, तो लगेच म्हणतो चला मग प्लॉट बघू. पण साहेब, माणसाच्या राहण्यापुरतं बोलायचं तर हा हिशोबच चुकीचा वाटतो मला.

पाणी आणता येतं हो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पाणी आणलंच ना. हवेचा दाब असा कुठून आणणार? बंद खोलीपुरता तयार करता येईल, उघड्यावर नाही. आपल्याकडं समुद्रसपाटीला दाब 1013 मिलिबार आणि मंगळावर 6-7 मिलिबार, म्हणजे एक टक्का पण नाही. दाब साधारण 63 मिलिबारच्या खाली गेला की पाणी 37 डिग्रीलाच उकळतं, म्हणजे माणसाच्या जिभेवरची थुंकी आणि डोळ्यातलं पाणी उकळायला लागणार, आणि मंगळावर तर त्याच्या पण दहाव्या हिश्श्याइतकाच दाब. सूट फाटला तर दहा-पंधरा सेकंदात शुद्ध जाते, मग तिथं जमिनीखाली बर्फ किती आहे हे विचारायला माणूस शुद्धीवर पाहिजे ना. तुमच्या लेखात मंगळावर दुपारी 20 डिग्री असतं असं मोठ्या कौतुकानं लिहिलंय, असतं, विषुववृत्ताजवळ कधीकधी असतं, पण रात्री तिथंच उणे 70-80 होतं ते पण लिहायला पाहिजे होतं.

आणि ते चित्र! काचेचा घुमट, आत हिरवंगार गव्हाचं शेत, बाहेर लाल माती. आत आपल्यासारखी हवा भरली तर दर चौरस मीटरला जवळपास 10 टनाचा जोर आतून बाहेर लागणार. आपण छत खाली कोसळेल म्हणून काळजी करतो, तिथं ते वर उडून जाईल म्हणून करावी लागेल. काचेतून अवकाशातली घातक किरणं येतात ते वेगळंच. नासाची क्युरिऑसिटी गाडी 2012 ला तिथं उतरली, तिनं मोजलं तर दिवसाला साधारण 0.67 मिलिसीव्हर्ट (किरणांच्या डोसाचं माप) भरलं, आपल्याला निसर्गातून अख्ख्या वर्षात सरासरी 2.4 च्या आसपास मिळतं. म्हणजे वर्षाचा कोटा चार दिवसात खलास. त्यामुळं राहायचं तर दोन-तीन मीटर मातीखालीच, उंदरासारखं. ती माती पण साधी नाही, फिनिक्स यानाला 2008 मध्ये तिच्यात पर्क्लोरेट नावाचं क्षार सापडलंय, थायरॉइड बिघडवणारं, ते धुऊन काढल्याशिवाय गहूबिहू काही नाही.

दाबाचा विचार केला की टायटन एकदम वर येतो. तिथं दाब आपल्या दीडपट, हवा बहुतेक नायट्रोजन. उघड्यावर दाबाचा सूट लागत नाही, ऑक्सिजनचा मास्क आणि चांगले गरम कपडे असले की झालं. आता गरम कपडे म्हणजे उणे 179 ला पुरतील असे, ती गंमत नाही, पण घराला भोक पडलं तर हवा फस्सकन निघून जाऊन माणसं मरणार नाहीत, बुजवायला वेळ मिळेल. तिथं वजन सातव्या हिश्श्याचं आणि हवा दाट, त्यामुळं हाताला पंख बांधून माणूस उडू शकेल असं गणित सांगतं. नासा ड्रॅगनफ्लाय नावाचं मोठं ड्रोन 2028 ला तिकडं सोडणार आहे ते उगाच नाही. अडचण अंतराची, कॅसिनी यानाला शनीपर्यंत जायला जवळपास सात वर्षं लागली.

शुक्राला शेवटी टाकलंय ते जमिनीपुरतं बरोबर आहे. 460 डिग्री, दाब आपल्या 90 पटीहून जास्त, सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा 13 यान तिथं 1982 ला 127 मिनिटं टिकलं तेच खूप. पण वर 54 किलोमीटरवर ढगात या, तिथं दाब आपल्या निम्म्याहून थोडा जास्त आणि तापमान आपल्या परभणीच्या मे महिन्यासारखं! 1985 ला त्यांच्याच व्हेगा मोहिमेतले दोन फुगे याच उंचीवर दोन दिवसाच्या आसपास तरंगले होते. ढग सल्फ्युरिक ॲसिडचे आहेत, पाय टेकायला जमीन नाही, मान्य. तरी दाब, तापमान, वजन तिन्ही आपल्याजवळ येतील अशी पृथ्वीबाहेर मला तरी दुसरी जागा माहीत नाही, आणि लेखात याच्यावर एक ओळ नाही.

युरोपाचं मात्र खरंच कळलं नाही. तिथं बर्फाखाली समुद्र असावा म्हणून शास्त्रज्ञ बघतात ते जंतूंसाठी, माणसासाठी नाही. गुरूभोवतीच्या किरणांच्या पट्ट्यात वर बर्फावर दिवसाला साधारण 5.4 सीव्हर्ट किरणं, एका दिवसाचा डोस माणसाला मारायला पुरेसा. जंतूंची यादी आणि माणसांची यादी एकात कालवली की असं होतं. आणि आपला चंद्र यादीतच नाही! हवा नाही, रात्र 14 दिवसांची, सगळं खरं, पण बिघाड झाला तर तीन दिवसात मदत पोचते, मंगळावर सहा-सात महिने, ते पण ग्रह जुळून आले तर. चांद्रयान 3 नं ऑगस्ट 2023 मध्ये तापमान मोजलं तेव्हा वर माती 50 च्या पुढं आणि 8 सेंटिमीटर खाली उणे 10 च्या आसपास होती, म्हणजे थोडं खोल गेलं की उन्हाचा तडाखा कमी होतो. पहिली वस्ती झाली तर तिथंच होईल असं मला वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी तक्ता छापाल तर पहिला रकाना दाबाचा ठेवा, मग तापमान, किरणं, मदत किती दिवसात येईल, आणि मग पाणी. एक दुरुस्ती मात्र याच आठवड्यात छापा, टायटनवर पाण्याची तळी आहेत असं छापून आलंय, ती मिथेन-इथेनची आहेत, इथं शाळेतली लेकरं तुमची कात्रणं प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात.

आपला,
एक वाचक, सेलू, जि. परभणी