‘तीन गटांत’ आणि ‘तीन-तीनच्या गटांत’

महोदय,

‘भागाकार म्हणजे समान वाटणी’ ही व्याख्या मुले घडाघडा म्हणून दाखवतात. ती चूक नाही, पण अर्धीच आहे. पुढच्या इयत्तांमधल्या कितीतरी चुका या अर्धेपणातून येतात, म्हणून हे पत्र.

15 मणी तिघांना सारखे वाटले, तर प्रत्येकाला 5 मिळतात. तेच 15 मणी तीन-तीन करून ओवले, तर 5 सर होतात. मांडणी दोन्हीकडे 15 ÷ 3 हीच. पण पहिले उत्तर 5 मणी, दुसरे 5 सर. पहिल्यात वाटे किती ते ठाऊक असते आणि एका वाट्यात किती ते काढायचे असते. दुसऱ्यात वाट्याचे माप ठाऊक असते, वाटे मोजायचे असतात. मराठीने हा फरक ‘तीन-तीन’ या द्विरुक्तीत आयता दिलेला आहे, आणि वर्गात तोच वापरला जात नाही याचे वाईट वाटते.

6 ÷ 1/2 घ्या. सहा वस्तू अर्ध्या माणसाला वाटता येत नाहीत, मग मूल ‘निम्मे कर’ असे समजून 3 लिहिते. तेच, सहा मीटर फितीचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे किती, असे विचारा. एका मीटरचे 2, म्हणून सहाचे 12. ‘उलटा करून गुणा’ हा नियम यानंतर सांगावा, आधी नव्हे.

भागाकारात उरणाऱ्या बाकीचे दुखणे याहून जुने आहे. 17 मीटर दोरीचे तीन-तीन मीटरचे तुकडे केले, तर 5 तुकडे होतात आणि 2 मीटर दोरी उरते. हे उत्तर मुले 5.2 असे लिहितात. उरलेले 2 हे मीटर आहेत, तुकडे नाहीत. तुकड्याच्या हिशेबात ते 2/3 होतात, म्हणजे उत्तर 5 पूर्णांक 2/3, साधारण 5.67. बाकीपुढे एकक लिहायची सक्ती केली तरी ही चूक बरीच कमी होते. 700 ÷ 200 मध्येही तसेच: दोन-दोन शून्ये खोडून 7 ÷ 2 केले की भागाकार 3 बरोबर येतो, पण बाकी 1 दिसते. ती 1 शेकडा आहे, म्हणजे 100.

‘17 ला 3 ने भाग जात नाही’ आणि ‘17 ला 3 ने भागता येत नाही’ ही वाक्ये तर शिक्षकही एकमेकांच्या जागी वापरतात. पहिले खरे, कारण बाकी उरते. दुसरे खोटे. भागता येत नाही ते फक्त शून्याने: 8 मधून शून्य-शून्य कितीही वेळा काढले तरी 8 संपत नाहीत.

व्यवहारातली वाटणी समान असतेच असेही नाही. 40 ची 2:3 अशी वाटणी करताना मुले 40 ला एकदा 2 ने आणि एकदा 3 ने भागतात. आधी 5 भाग करायचे, एक भाग 8 चा. मग 16 आणि 24.

तिसरी-चौथीच्या प्रत्येक उदाहरणात, आकडेमोडीआधी, एक ओळ लिहून घ्यावी: ‘वाटे ठाऊक आहेत’ किंवा ‘वाट्याचे माप ठाऊक आहे’. 618 ÷ 6 चे उत्तर 13 लिहिणाऱ्या मुलालाही ती उपयोगी पडते. सहा वाटे म्हटल्यावर प्रत्येक वाट्यात एक शेकडा तर पडतोच, मग उत्तर शंभराच्या आत कसे, हे त्याचे त्यालाच दिसते. दशकाच्या घरात 0 लिहायचे राहून गेले, हे मग सांगावे लागत नाही.

आपले,
प्राथमिक गणित शिकवणारे काही शिक्षक