एचआयव्ही निगेटिव्ह म्हणजे एचटीएलव्ही निगेटिव्ह नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत एचटीएलव्ही-१ या, काही बाधितांत रक्ताचा कर्करोग (एटीएल) किंवा मज्जारज्जूचा आजार (एचएएम) करणाऱ्या विषाणूला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. याच्यावर कोणी लिहीत नाही. पण ‘एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली की याचीही चिंता मिटली’ हे ठळक चौकटीतले वाक्य वाचून संताप झाला. दोन्ही विषाणूंच्या चाचण्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. एकीत दुसरा सापडत नाही.

‘एड्सच्या विषाणूचा धाकटा भाऊ’ हेही चूक. माणसात सापडलेला हा पहिला रेट्रोव्हायरस, म्हणजे पेशीच्या जनुकांत स्वतःची प्रत घुसवणारा विषाणू. अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये तो जाहीर केला, एचआयव्ही १९८३ मध्ये पुढे आला. पुढे काही काळ एचआयव्हीलाच ‘एचटीएलव्ही-३’ म्हणत, गोंधळाचे मूळ बहुधा तिथे असावे. वागण्यात मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एचआयव्ही सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मारतो. एचटीएलव्ही-१ त्यांच्या जनुकांत शिरून बसतो आणि त्यांनाच वाढायला लावतो. पेशी दुभंगली की विषाणूची प्रतही आपोआप दुप्पट. म्हणूनच जुन्या संसर्गावर एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळ्यांचा खात्रीचा उपयोग दिसलेला नाही, आणि दोन्ही संसर्ग एकत्र असतील तर सीडी-४ चा आकडा फसवा, चांगला दिसतो.

तपासणी कशी करावी हे लेखात यायला हवे होते. आधी एलायझा, म्हणजे रक्तात विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी प्राथमिक चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तरी तिच्यावर थांबायचे नाही. वेस्टर्न ब्लॉट किंवा लाइन इम्युनोअसे या अधिक नेमक्या अँटीबॉडी चाचण्यांनी खात्री करायची, त्यातच एचटीएलव्हीचा प्रकार १ की २ हे कळते. तेही अनिश्चित आले तर विषाणूची जनुके शोधणारा पीसीआर, आणि तो पांढऱ्या पेशींतल्या डीएनएवर. प्लाझ्मा पाठवून उपयोग नाही, कारण प्लाझ्मात हा विषाणू जवळजवळ नसतोच. शंभर पांढऱ्या पेशींमागे विषाणूच्या चार किंवा अधिक प्रती असणाऱ्यांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका जास्त, असे जपानमधल्या पाहणीत दिसले आहे.

बाधित आईच्या दुधातून बाळाला होणाऱ्या संसर्गाचा विषय आपण एका ओळीत उरकलात. बाळाला सहा महिन्यांहून अधिक काळ अंगावर पाजले तर साधारण पाचातल्या एकाला संसर्ग होतो; जन्मापासून वरचे दूध दिले तर प्रमाण शंभरात दोन-तीनवर येते. जपानमध्ये दूध उणे २० अंशांवर चोवीस तास गोठवून, वितळवून पाजण्याची पद्धतही आहे, कारण गोठवण्याने संसर्ग झालेल्या पेशी फुटतात. तिच्या परिणामाचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. आणि जिथे पिण्याचे पाणीच स्वच्छ नाही, तिथे वरच्या दुधाने होणारी हगवण बाळाला आधी मारू शकते. हा निर्णय आईने डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा. बाळाची अँटीबॉडी चाचणी लगेच केली तर आईकडून आलेल्या अँटीबॉडीच दिसतात, त्या वर्षभर टिकू शकतात.

सगळ्यात जास्त खटकले ते ‘पायांच्या ताठरपणावर स्टेरॉइडने आराम पडतो’ हे वाक्य. मज्जारज्जूच्या या आजारात (एचएएम) स्टेरॉइड वापरतात, खरे आहे. पण त्याआधी स्ट्राँगिलॉइडिस हा जंत आहे का ते पाहिलेच पाहिजे. मातीतून अनवाणी पायातून शिरणारा हा जंत आतड्यात वर्षानुवर्षे स्वतःच पुन्हा पुन्हा लागण करत राहतो. एचटीएलव्ही-१ मुळे त्याला आवर घालणारी प्रतिकारशक्तीच कमजोर पडते, एरवी जंत असताना वाढणाऱ्या इऑसिनोफिल या पांढऱ्या पेशीही वाढत नाहीत, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट पाहून कोणाला शंका येत नाही. अशात स्टेरॉइड पोटात गेले की अळ्या अंगभर पसरतात आणि आतड्यातले जिवाणू सोबत रक्तात नेतात. रुग्ण सेप्सिसने किंवा मेंदूज्वराने जातो. शौचाचा एकच नमुना पुरत नाही. तीन-चार नमुने, जमल्यास अगार प्लेट कल्चर (शौच खास थाळीत ठेवून अळ्या शोधणे) आणि रक्तातली अँटीबॉडी. उपचार आयव्हरमेक्टिनचा, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम. या रुग्णांत तो जंत पुन्हा उलटतो, म्हणून नंतरही तपासत राहावे लागते.

एचएएमची सुरुवात लेखात दिली आहे तशी एकदम लुळे पडण्याने होत नाही. चालताना पाय अडखळतो, लघवीची घाई होते, बद्धकोष्ठता, कंबरदुखी. वर्षे प्रोस्टेट किंवा मणक्याच्या गादीच्या नावाखाली निघून जातात. कर्करोगात (एटीएल) तर गुंगी, प्रचंड तहान आणि भ्रम हे वाढलेल्या कॅल्शियमचे लक्षण असू शकते. तेव्हा रक्तातले कॅल्शियम, एलडीएच हे एन्झाइम आणि पाकळ्यांसारख्या केंद्रकाच्या ‘फ्लॉवर’ पेशींसाठी रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली) त्याच दिवशी पाहावा.

बहुतेक बाधितांना आयुष्यात काहीही होत नाही, हे मात्र आपण बरोबर छापलेत. एटीएल साधारण वीसातल्या एकालाच होतो.

आणखी एक. लेखासोबत एड्सची लाल फीत का छापली? ज्याला नुकताच हा रिपोर्ट मिळाला आहे, त्याच्या घरात ते चित्र पाहून काय काय बोलले गेले असेल, याचा विचार व्हायला हवा होता. चौकटीतले वाक्य आणि स्टेरॉइडचा मजकूर यांची दुरुस्ती येत्या पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक