कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव

उत्रेख्त, नेदरलँड्स

ति. दादास,
सा. न. वि. वि.

बाळाचं नाव कागदावर दत्तात्रय आणि घरात लाडाचं काहीतरी, असं तुमचं ठरलंय ना? नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून बारशाआधीच सगळं सविस्तर लिहिते. वहिनींनाही वाचून दाखव.

लाडाचं नाव आपण एक ठरवतो आणि गल्ली त्याची चार करते. दत्तात्रयचंच बघ. पुढचं 'दत्त' ठेवायचं, बाकीचं तोडायचं आणि नवा शेवट जोडायचा. खरी गोष्ट त्या शेवटात असते. 'दत्ता' हे रोजचं, त्यात ना लाड ना राग. 'दत्तू' लाडाचं. ऊ लागला की मुलगा-मुलगी हा भेदही उरत नाही, राजू तसाच, मंजू तशीच. 'दत्त्या' तालमीतलं आणि कट्ट्यावरचं. मित्राच्या तोंडी त्यात जीव असतो, पण परक्यानं तसं म्हटलं की भांडण ठरलेलं. 'दत्तोबा' मानाचं, आपल्या जोतिबाच्या आणि खाशाबा जाधवांच्या 'खाशाबा'च्या साच्यातलं. भालचंद्र पेंढारकरांचे भालजी झाले ते 'जी' लागून. आणि जवळीक फार वाढली की मानही गळून पडतो. जनाबाई देवाला सरळ 'विठ्या' म्हणते, आणि त्यात तिळभर अपमान नाही.

रशियनमध्ये हीच उतरंड आहे. अलेक्सांद्र कागदावर, साशा रोजचं, साशेन्का मांडीवर घेऊन म्हणायचं, साश्का दोस्ताचं नाहीतर तुच्छतेचं. मानानं बोलवायचं असेल तर पूर्ण नावापुढं बापाच्या नावावरून केलेलं नाव, अलेक्सांद्र इवानोविच. म्हणजे 'साश्का' आणि 'दत्त्या' सख्खे भाऊ.

डच लोकांचा मार्ग वेगळा. त्यांचा लहान करायचा प्रत्यय मुळात एकच, 'ये', पण आधीच्या आवाजाप्रमाणं तो रूप बदलतो. हाउस म्हणजे घर, त्याचं हाउश्ये. शब्द स्वरानं किंवा न, ल, र नं संपला तर बहुतेक 'त्ये' लागतं, स्टूल (खुर्ची) चं स्टूल्त्ये. शेवटी म असेल तर मध्ये प शिरतो, बोम (झाड) चं बोम्प्ये, कारण म नंतर ओठ मिटलेलेच असतात. पण या न, ल, र, म च्या आधीचा स्वर ऱ्हस्व असेल तर मात्र बहुतेक 'एत्ये', बाल (चेंडू) चं बालेत्ये. शिकणारे अडतात ते इथंच, ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळला नाही तर प्रत्यय चुकतो. आपला दत्तू इकडच्या कुणा आजीच्या हाती लागला तर नियमानं 'दत्तूत्ये' होणार!

शिवाय हा प्रत्यय नुसता लहान करत नाही, मोजता येईल असं करतो. ब्रोट म्हणजे पाव, ब्रोत्ये म्हणजे एक छोटा पाव. बीर म्हणजे बिअर, बीर्त्ये म्हणजे एक ग्लास. टेलेफोन्त्ये म्हणजे छोटा फोन नव्हे, एक फोन करणं.

प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो, मूळचं लिंग काही असो. म्हणून मुलीला म्हणतात 'हेट मैश्ये', आणि नामाआधी लागणारा हा 'हेट' नपुंसकाचा. जर्मनमध्येही मुलगी 'दास मेडशेन', नपुंसकच. परदेशी माणसाला याचं नवल वाटतं, आपल्याला वाटायचं कारण नाही. आपण काय म्हणतो? 'आमचं पोरगं', 'लेकरू झोपलं'. वासरू, कोकरू, करडू, रेडकू, शिंगरू, सगळी पिल्लं नपुंसकातच. आणि याच लिंगातून तुच्छताही येते, पोरटं, कार्टं. माया आणि हेटाळणी एकाच दारातून ये-जा करतात. फरक आवाजाचा.

वस्तू लहान करायच्या तर मराठी स्त्रीलिंगाकडे वळते. वहिनींच्या मांडणीवरच बघ. डबा धान्याचा, डबी कुंकवाची. पातेलं आणि पातेली, सुरा आणि सुरी, दोर आणि दोरी. पण धाकट्या रूपाचा कधी स्वतंत्र संसार होतो. विळा शेतात गेला, विळी स्वयंपाकघरात राहिली, आता विळीला कुणी छोटा विळा म्हणणार नाही.

आणखी एक चाल आपल्याकडे आहे, आणि मला ती सगळ्यांत गोड वाटते. लहानाला मोठ्याचं नातं द्यायचं. 'ये गं माझी आई', 'नको रे बाबा रडू'. लेबनॉन-सीरियाकडच्या अरबीतही आई आपल्या मुलाला 'मामा' म्हणून हाक मारते, तिथं मामा म्हणजे आई. आपले अण्णा, अप्पा, अक्का तर कन्नडमधून आलेले, आणि लहान पोरालाही आपण अण्णा म्हणतोच.

आता कामाचं. 'पिकू' टाळा, डचमध्ये 'पिक' हा घाणेरडा शब्द आहे. पिंकी चालेल, 'पिंक' म्हणजे करंगळी. ळ इकडच्या जिभेला येत नाही, बाळूचा बालू होईल. नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना शेवटी यू लिहिलात तर इकडे ओठ गोल करून 'ई' म्हटल्यासारखा उच्चार होतो. डचमध्ये ऊ साठी ओ-ई लिहितात.

ठरवण्याआधी हाक मारून बघा. एकदा जवळून, हळू. एकदा माडीवरून खाली गल्लीत, मोठ्यानं. एकदा रागानं. तिन्ही वेळा कानाला बरं वाटलं तरच ठेवा. माझं मत 'दत्तू'ला. त्याचा 'दत्त्या' होणारच, तो तुम्हाला सोसणार का, एवढं आधी बघून घ्या.

बारशादिवशी पाळण्याजवळ फोन धर, कुर्र्र मीच करणार. आबांना आणि आईला नमस्कार, लेकराला गोड पापा.

तुझी,
नुसती बहीण नव्हे, आता आत्ती