नेमकी फ्रेम वेचायला शिकवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हाताने पुस्तक बांधण्याची रीत समजावून देणाऱ्या आमच्या पुस्तिकेतील चित्रांचे काम पूर्ण झाले असून, ती सर्व चित्रे आधीच चित्रित करून ठेवलेल्या व्हिडिओतून काढलेली आहेत. कारागिरांना पुन्हा बसवून नव्याने छायाचित्रे घेणे शक्य नव्हते, त्यामुळे तुम्ही वाट दाखवली नसती तर हे काम तसेच अडून राहिले असते. फोनवर आभार मानले होतेच, परंतु तुम्ही सांगितलेल्या गोष्टी इतरांच्याही उपयोगी पडाव्यात म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

चित्रे कशी काढावीत असे विचारल्यावर तुम्ही आधी विचारलेत की ती छापायची आहेत की पडद्यावर दाखवायची. व्हिडिओची 1920 बाय 1080 पिक्सेलची फ्रेम, म्हणजे त्यातले एक स्थिर चित्र, इंचाला 300 बिंदू या प्रमाणात छापली तर चित्र 6.4 इंच रुंद आणि 3.6 इंच उंच होते, हा हिशेब तुम्ही बोलता बोलता मांडलात आणि आम्ही पानांची मांडणी त्याच मापाने केली. (मांडणी करणाऱ्या सहकाऱ्याने यासाठी तुमचे वेगळे आभार मानायला सांगितले आहे.) स्क्रीनशॉट पडद्याच्या मापाने मिळतो, तर व्हीएलसी प्लेअर या व्हिडिओ पाहण्याच्या प्रोग्रामचा स्नॅपशॉट मुळात व्हिडिओच्याच मापाचा असतो, हेही तेव्हाच उमगले.

व्हीएलसीत विंडोजवर शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की स्नॅपशॉट निघतो, हे कोणीही सांगू शकले असते. पण 'ई' दाबून एकेक फ्रेम पुढे सरकत कुठे थांबायचे, हे तुम्ही शिकवलेत. सेकंदाला 25 फ्रेम असलेल्या व्हिडिओत एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, आणि घडीतून सुई बाहेर येऊन दोरा ताणला जाईपर्यंतच्या एवढ्याशा अवधीत एका फ्रेममध्ये बोटे पुसट, तर पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये ती इतकी स्वच्छ दिसतात की दोऱ्याचा पीळही मोजता यावा. चित्रीकरणाच्या वेळीच हालचालीमुळे फ्रेममध्ये उमटलेला पुसटपणा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट निघत नाही, म्हणून हात जिथे दिशा बदलताना क्षणभर थबकतो तिथली फ्रेम घ्यावी, असे तुम्ही सांगितलेत. शिलाईच्या प्रकरणातील जवळजवळ सर्व चित्रे अशा थबकलेल्या हातांची आहेत आणि वाचकाला नेमकी तीच स्थिती पाहायची असते.

एका जुन्या चित्रीकरणात हलत्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा येत होत्या. ते इंटरलेसिंग (एकेक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, क्षणाच्या अंतराने टिपण्याची जुनी पद्धत) आहे हे ओळखून तुम्ही त्या ओळी जुळवून घेणारा डीइंटरलेस हा पर्याय सुरू करायला सांगितलेत आणि प्रश्न तिथेच मिटला.

लांबलचक व्हिडिओंसाठी तुम्ही सुचवलेला व्हीएलसीमधला सीन फिल्टरही फार उपयोगी पडला. प्रगत सेटिंगमध्ये व्हिडिओच्या फिल्टरांत तो निवडून, प्रतिमा ठेवायचा फोल्डर नेमून देऊन रेकॉर्डिंग रेशो (किती फ्रेममागे एक चित्र घ्यायचे तो आकडा) 50 ठेवला की 25 फ्रेमच्या व्हिडिओतून दर दोन सेकंदांना एक चित्र आपोआप जमा होते. तोच आकडा 1 केला तर मिनिटाला 1500 चित्रांचा ढीग साचतो. ही चित्रे अंतिम निवडीसाठी नव्हेत, तर कोणता प्रसंग कुठे आहे याची सूची म्हणून वापरा, हा तुमचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला. काम झाल्यावर फिल्टर आठवणीने बंद करा, नाहीतर पुढे जो व्हिडिओ पाहाल त्याचीही चित्रे त्याच फोल्डरात साठत राहतील, ही तुमची ताकीद मी संगणकाशेजारी लिहून ठेवली आहे.

प्रतिमा दर्जा थोडा घटवून साठवणाऱ्या जेपीईजीऐवजी दर्जा न घटवणाऱ्या पीएनजीमध्ये ठेवल्याने फायली जड झाल्या खऱ्या, पण व्हिडिओ मुळातच आकुंचित केलेला असताना पुन्हा दर्जा घटवण्यात अर्थ नव्हता.

पुस्तिकेची छपाईपूर्व प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. शिलाईचे प्रकरण कृपया आधी पाहावे आणि एखाद्या चित्राऐवजी शेजारची फ्रेम अधिक चांगली वाटल्यास निःसंकोच कळवावे. मूळ व्हिडिओ आणि काढलेल्या सर्व प्रतिमा जपून ठेवल्या आहेत.

आपला कृतज्ञ,
पुस्तिकेचा संपादक