क्लोजिंग कॉस्टचे बारा हजार

प्रिय संजू,

एजंट न लावता घर विकतोयस, तेव्हा ऑफरमधली 'क्लोजिंग कॉस्टसाठी १२,००० डॉलर द्या' ही ओळ वाचून लगेच नाही म्हणू नकोस. अशा खरेदीदाराची रोकड बहुधा डाऊन पेमेंटमध्येच संपलेली असते. लेंडरची (कर्ज देणाऱ्या बँकेची) फी, टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काच्या वादापासूनचा विमा), घराच्या विम्याचा पहिल्या वर्षाचा हप्ता, एस्क्रोत (लेंडरकडच्या राखीव खात्यात) आगाऊ ठेवायचा प्रॉपर्टी टॅक्स हे सगळं त्याला वर भरायचं असतं; हीच क्लोजिंग कॉस्ट.

तू ४,००,००० मागितलेस, त्याने ४,१२,००० देऊ करून १२,००० परत मागितले. वरवर हिशोब बरोबर जुळतो. मेख अप्रेझलमध्ये, म्हणजे बँक करून घेते त्या घराच्या मूल्यांकनात आहे. बँकेच्या अप्रेझरने घर ४,००,०००चंच धरलं, तर कर्ज त्याच आकड्यावर ठरतं. मग खरेदीदार किंमत उतरवायला सांगतो, आणि क्रेडिट, म्हणजे तू परत द्यायचे १२,०००, तसंच राहिलं तर तुझ्या हाती ३,८८,०००! म्हणून करारात आधीच घालून घे : किंमत जेवढी उतरेल, तेवढंच क्रेडिट कमी होईल. कमी झालेल्या क्रेडिटमध्ये त्याला व्यवहार पुरा करता येत नसेल, तर तूट दोघांनी निम्मी-निम्मी सोसायची का, हे आत्ताच मनाशी ठरवून ठेव.

क्रेडिटला लेंडरची मर्यादाही असते. कन्व्हेन्शनल (सरकारी योजनेबाहेरच्या) कर्जात, स्वतः राहायच्या घरावर, डाऊन पेमेंट १० टक्क्यांहून कमी असेल तर क्रेडिट जास्तीत जास्त ३ टक्के, १० ते २५च्या आत ६, त्यापुढे ९. एफएचएच्या (अमेरिकी सरकारचा विमा असलेल्या) कर्जाला ६. कन्व्हेन्शनलचे टक्के मोजायचे ते किंमत आणि अप्रेझल यांतल्या कमी आकड्यावर. हा पैसा डाऊन पेमेंटला चालत नाही.

त्याच्याकडून लोन एस्टिमेटचं (लेंडर त्याला देतो त्या कर्जखर्चाच्या अंदाजपत्रकाचं) दुसरं पान मागून घे. त्यात 'जे' या अक्षरापुढे क्लोजिंग कॉस्टची बेरीज असते. ती ९,३०० असेल तर १२,००० कशाला? करारात टक्के नकोत, 'प्रत्यक्ष खर्चाइतकं, कमाल इतके डॉलर' असं लिही. नाहीतर उरलेल्या २,७०० मधून तो व्याजदर उतरवायला पॉइंट्स विकत घेईल (म्हणजे लेंडरला आगाऊ फी भरेल), आणि पैसे तुझे जातील.

त्याच्या एजंटचं कमिशनही मागितलं असेल, तर ते वेगळ्या ओळीत मांड आणि हातात येणारी रक्कम काढ. करारात नसलेले पैसे बाहेरून देण्याचं मात्र अजिबात कबूल करू नकोस. लेंडरपासून लपवलेला व्यवहार फसवणुकीत मोडतो.

सही करण्याआधी वकिलाला दाखव. ते दुसरं पान आलं की मलाही पाठव, आकडे मिळून बघू.

तुझा,
अवी